उन्हातला स्वेटर

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर वाट्या.

स्टीलच्या. आमच्याच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने बिल्डिंगमधल्या बायकांना वाण म्हणून दिलेल्या. काही एकात एक घालून ठेवलेल्या. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ. एकीला फिनेलचा वास मारत होता. एक लांबूनच भिरकावली असावी, ती जिन्याच्या पायरीवर उपडी पडली होती.

वाण कुणी परत करतं का हो? जावाजावांची भांडणं होतात, शेजारणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, कोर्टाची पायरी चढतात, पण वाणाची वाटी फडताळात राहते. तिच्यात मोहरी ठेवतात, मीठ ठेवतात. ती परत देणं म्हणजे तू आमच्यातली कधी नव्हतीसच, असं तोंडाने न बोलता सांगणं. आणि सांगायलाही कुणी आलं नव्हतं. आम्ही झोपेत असताना ठेवून गेल्या.

मागून आई आली. तिला आधी कळलंच नाही. म्हणाली, "अगं, कुणाच्या गं वाट्या?" मग तिने एक उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. गाऊनच्या ओच्यात सगळ्या गोळा केल्या, आत नेल्या आणि घासायला घेतल्या. स्वच्छच होत्या. तरी घासल्या. मला म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी कामाला येतील."

माझं डोकं सणकलं. मी निघालेच होते एकेकीचं दार वाजवायला. तेवढ्यात बघते तर बाबा स्टूलवर चढून माळ्यावरून निळी रेक्झिनची बॅग ओढत होते.

आम्ही चिनी. म्हणजे चेहऱ्याने. माझा जन्म नाशिकरोडचा, शाळा नाशिकरोडची, पार्लरही नाशिकरोडलाच. चीन मी नकाशात पाहिला, तेवढाच. बाबा कवळ्या करतात. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं दुकान आहे, आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या तोंडात बाबांनी केलेले दात आहेत. घरात आम्ही बाबांना आपा म्हणतो. आमच्या लोकांत बापाला तेच म्हणतात. पण ते फक्त घरात. लहानपणी एकदा खाली खेळताना मी "आपा" अशी हाक मारली, तर पोरांनी आठवडाभर आपा आपा करत डोळे ताणून दाखवले. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर बाबा. मग सवयच झाली.

शाळेत चिंकी, मिचमिची, चायना माल. "चायना माल, टिकला तर टिकला," हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की सांगणाऱ्याच्या आधी मीच हसायचे. बाई विचारायच्या, "तुमच्याकडे बेडूक खातात ना गं?" मी म्हणायचे, "नाही बाई, आमच्याकडे आज मेथी आहे." वर्ग हसायचा. मीही हसायचे. आपणच आपल्यावर हसलं की लोक आपल्याला चांगलं म्हणतात, हे मला फार लवकर कळलं होतं. पार्लरमध्ये तेच केलं. भुवया कोरताना बायका म्हणायच्या, "तुझी स्किन बघ कशी, तुमच्यात काय लावतात?" मी म्हणायचे, "बेसन आणि दही." त्या खूश, मी खूश.

बॅगेचं सांगायचं तर बासष्टपासून सुरुवात करावी लागेल.

चीनशी लढाई झाली ती. बाबा तेव्हा आसामात होते, लहान होते. आजोबा तिथेही कवळ्याच करायचे. एका सकाळी पोलीस आले. सभ्यपणे बोलले म्हणे. "दोन-चार दिवसांसाठी चला, तुमच्याच सुरक्षेसाठी. फार सामान नको." आजोबांनी विश्वास ठेवला. नेसत्या कपड्यांनिशी निघाले. दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली, दोन-चार दिवसांत तर परत यायचंय. आगगाडीत बसवलं. वाटेत स्टेशनांवर लोक जमायचे, शेण फेकायचे, चपला फेकायचे. गाडी थांबली ती पार राजस्थानात. तारांच्या कुंपणात. तिथे दोन-चार दिवसांची वर्षं झाली.

वाळवंटात थंडी पडते हे आसामच्या माणसाला काय माहीत. कुणाकडे गरम कपडा नव्हता. बाबांची धाकटी बहीण त्या थंडीत गेली. माझी आत्या. तिचा फोटोसुद्धा नाही. सुटले तेव्हा आसामातलं घर लिलावात विकलेलं होतं, दुकानही. आजोबांचा एक चुलतभाऊ नाशिकरोडला होता, म्हणून इकडे आले.

हे सगळं मला आजीने सांगितलं. बाबा कधीच बोलले नाहीत. मी खूपदा विचारलं तर म्हणायचे, "थंडी होती." बस. दोन शब्द.

तर ते बॅग भरायला बसले. मार्च महिना, नाशकात ऊन तापायला लागलेलं, आणि माझा बाप बॅगेत स्वेटर भरतोय. शाल. मफलर. आईच्या बीपीच्या गोळ्या. बिस्किटांचे पुडे. कवळीचं मेण कापायची त्यांची छोटी सुरी त्यांनी आधी आत घातली, मग बाहेर काढली. म्हणाले, "सुरी सापडली तर वेगळाच अर्थ काढतील."

मी म्हटलं, "आपा, काय चाललंय? कुठे निघालात?"

"न्यायला येतील."

"कोण?"

"कुणीतरी येतंच. वाट्या आल्या ना? आसामातही आधी असंच झालं होतं. आधी शेजारी येणं बंद झालं. मग पोलीस आले."

"अहो, हा चीनमधून आलेला रोग आहे. लढाई नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लहान झाले. बॅगेची चेन तुटलेली होती, तिला परकराची नाडी बांधली आणि बॅग दाराशी ठेवली.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. रोग येवो, पार्लर बुडो, पण ती बॅग पुन्हा माळ्यावर गेली पाहिजे. माझा बाप दाराकडे न बघता जेवला पाहिजे. तेवढं झालं की मी जिंकले, असं मी ठरवलं. आणि ते करायला मी काय केलं? लोटांगणं घातली. दुसरं काय येत होतं मला?

सगळ्यांनी थाळ्या वाजवायच्या होत्या, त्या दिवशी मी पितळी परात घेऊन बाल्कनीत गेले आणि अशी बडवली की मनगट सुजलं. आईच्या हातात घंटी दिली. समोरच्या बिल्डिंगमधून एक पोरगा ओरडला, "ए चायना, तुझाच आहे ना रोग, तू कशाला वाजवते?" आजूबाजूच्या बाल्कन्या हसल्या. मीही हसले. परात वाजवत राहिले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग पाडवा. सगळं बंद. कडुनिंबाचा पाला मिळवायला मी मागच्या भिंतीवरून झाडाची फांदी ओढली, हात खरचटून घेतले. आईची चांगली पैठणी काठीला नेसवली. दरवर्षीपेक्षा उंच गुढी उभी केली. बघा म्हटलं, नीट बघा, कोण आहोत आम्ही.

बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काठी खाली घे."

"का? पाडवा आहे."

"उंच काठी दिसली की आधी आपलंच घर दिसतं."

मी घेतली नाही खाली. बिल्डिंगच्या ग्रुपवर गुढीचा फोटो टाकला, शुभेच्छा लिहिल्या. कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने चेअरमनकाकांचा मेसेज आला. ग्रुपवरच, सगळ्यांसाठी. 'काही कुटुंबांनी लिफ्ट, टेरेस व पाण्याच्या मोटरचे बटण वापरू नये. समजणाऱ्यांना समजेल.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली.

हे चेअरमनकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. सरकारी नोकरीतून रिटायर. वरची-खालची अख्खी कवळी बाबांनी केलेली. पहिली बसली नाही म्हणून दुसरी करून दिली, ती बोलताना टकटक वाजते म्हणाले म्हणून पुन्हा घासून दिली. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मेकअप माझा. "घरचीच आहेस गं तू," असं म्हणायचे. घरचीच. म्हणजे घरातली नाही.

बिल्डिंगमधून एकच वाटी परत आली नव्हती. तळमजल्यावरच्या साळवेबाईंची. त्या बौद्ध, हळदीकुंकू लावून घेत नाहीत, पण आईच्या हातचं खायला दरवर्षी यायच्या आणि आई त्यांनाही वाण द्यायची. मूळच्या सायखेड्याकडच्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्याला अडकलेला. पाणी भरायला मी खाली जायचे तेव्हा त्या खिडकीतून बोलायच्या. लिफ्टच्या मेसेजवर म्हणाल्या, "आमाला काय नवं नाय हे. माझ्या आज्याला विहिरीवर चढू देत नव्हते, तुला मोटरीला हात लावू देत नाय. शिवाशिवीला नुसतं निमित्त लागतं बग."

मी म्हटलं, "काकू, कळेल त्यांना हळूहळू. आपण चांगलं वागत राहायचं."

त्या हसल्या. खिडकी लावता लावता म्हणाल्या, "लय चांगली वागू नको. त्यानं पोट भरत नाय त्यांचं."

एप्रिल सुरू झाला की आमच्यात पूर्वजांचे दिवस येतात. कबरीवर जायचं, गवत काढायचं, दगड धुवायचा, उदबत्त्या लावायच्या, संत्री ठेवायची. तुमच्या पितृपंधरवड्यासारखंच, फक्त कावळ्याची वाट बघत नाहीत. आजोबा-आजी नाशकातच पुरलेले आहेत. बाबांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा जाणार कुठे? गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले.

बाबा म्हणाले, "बाल्कनीत करू."

आम्ही जुन्या तेलाच्या डब्यात सोनेरी कागद जाळले. मेलेल्यांना पोचवायचे म्हणून असे कागद जाळतात. तीन उदबत्त्या लावल्या, संत्री नव्हती तर मोसंबी ठेवली. धूर झाला. जास्त नाही, पापड भाजताना होतो तेवढा. पण बाबांची छाती आधीच वर्षानुवर्षं कवळ्या घासून, ती भुकटी नाकात जाऊन खराब झालेली. ते खोकायला लागले. खोकला थांबेना. मी पाठ चोळली, आईने पाणी आणलं. आणि बघता बघता आमच्या वरच्या, खालच्या, समोरच्या खिडक्या धडाधड लागल्या.

त्याच आठवड्यात सगळ्या नाशिकने बाल्कनीत दिवे लावले होते. तो प्रकाश. आमचा मात्र धूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. कंपाउंडमध्ये थांबली. पांढऱ्या पोशाखातले दोघे उतरले, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. बरोबर एक हवालदार. मी वरून पाहिलं आणि आधी दाराकडे धावले.

दार उघडं होतं. बॅग नव्हती. बाबा नव्हते. घराची किल्ली शू-रॅकवर नीट ठेवलेली.

मी अनवाणी जिना उतरले. खाली पोचेपर्यंत बाबा गाडीसमोर जाऊन उभे राहिले होते. अंगात जाड लोकरी स्वेटर, गळ्यात मफलर, पायात मोजे आणि बूट. भर दुपारचं, एप्रिलचं ऊन. घामाने चेहरा निथळत होता. दोन्ही हातांनी बॅग पुढे धरलेली.

ते हवालदाराला सांगत होते, "साहेब, मी तयार आहे. बायको आजारी असते, तिला राहू द्या. मुलगी इथली आहे, इथेच जन्मली. मी एकटा येतो. घर विकू नका."

हवालदाराला काही कळेना. बिचारा म्हणाला, "आजोबा, कोण विकतंय घर? खोकल्याची तक्रार आली, फक्त ताप बघायचाय."

वर बाल्कन्या भरल्या होत्या. ज्या खिडक्या काल लागल्या होत्या त्या सताड उघड्या. मोबाइल बाहेर आलेले. एक बाई ओरडली, "अहो बघा, स्वेटर घातलाय! थंडी वाजतेय त्याला! ताप असणारच!"

पांढऱ्या पोशाखातल्याने ताप बघायचं ते यंत्र बाबांच्या कपाळासमोर धरलं. पिस्तुलासारखं असतं ते. बाबांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. मान खाली घातली. बॅग सोडली नाही.

हे मी पाहिलं आहे. माझ्या बापाने, भर दुपारी, स्वतःच्या बिल्डिंगखाली, मरायची तयारी करून मान खाली घातलेली मी पाहिली आहे. वरून कुणीतरी खिदळलं.

यंत्र वाजलं. उन्हात उभा, लोकरीत गुंडाळलेला माणूस, कपाळ तापणारच. आकडा जास्त आला. पांढऱ्या पोशाखातला म्हणाला, "यांना न्यावं लागेल." आणि बाबा, अहो, बाबा मान हलवून म्हणाले, "हो." जणू इतकी वर्षं याचीच वाट पाहत होते. गाडीकडे चालायला लागले.

आणि मी काय केलं? वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर चेअरमनकाका उभे होते. मी हात जोडले. डांबरावर पाय भाजत होते आणि मी हात जोडून म्हणत होते, "काका, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही ओळखता बाबांना. तो खोकला जुना आहे, तुम्हाला माहितीये. काका, प्लीज."

काकांनी मास्क हनुवटीवर घेतला. म्हणजे आवाज नीट पोचावा.

"नियम म्हणजे नियम. आणि तुमच्या लोकांचं आम्ही काय सांगावं?"

माझ्या बापाने केलेल्या दातांनी बोलले ते. प्रत्येक अक्षर स्वच्छ आलं. टकटक अजिबात नाही. बाबांनी चांगलं घासून दिलं होतं.

माझे जोडलेले हात तसेच होते. त्या हातांकडे माझं लक्ष गेलं. हेच हात ह्यांच्या मुलीच्या गालावरून फिरले होते. हेच परात बडवत होते, पाडव्याला खरचटले होते. किती वर्षं झाली हे जोडलेलेच आहेत, असं वाटलं. शाळेपासून. "आमच्याकडे आज मेथी आहे" म्हणाले तेव्हापासून. एवढं करून मला काय मिळालं? माझा बाप एका गाडीत चढत होता.

मी हात सोडले.

आणि ओरडले, "आपा!"

कंपाउंडमध्ये. उंबऱ्याबाहेर. सगळ्यांच्या डोक्यावरून. लहानपणानंतर पहिल्यांदा. बाबा थबकले. पायरीवर ठेवलेला पाय तसाच राहिला.

मी गेले आणि त्यांच्या हातातून बॅग घेतली. सोडत नव्हते, ओढून घेतली. मग गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि हवालदाराला म्हटलं, "हे उन्हात स्वेटर घालून उभे आहेत. यांना सावलीत बसवा, पाणी प्यायला द्या, मग पुन्हा बघा. तेव्हा ताप निघाला तर मी स्वतः बसते यांच्याबरोबर गाडीत. त्याआधी यांना कुणी हात लावायचा नाही."

वरून आवाज आला, "घेऊन जा हो, कशाला ऐकताय!"

हवालदाराने वर पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाला, "बसवा सावलीत."

मी बाबांना जिन्याखाली बसवलं. मफलर काढला. स्वेटर काढताना ते दोन्ही हातांनी तो धरून ठेवत होते. लहान मुलासारखे म्हणत होते, "राहू दे गं. तिथे थंडी असते. राहू दे." आतला शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. मी त्यांच्या कानाशी आमच्या भाषेत बोलत राहिले, मोडकीतोडकी येते तेवढी. आई जिन्यात भिंतीला धरून उभी होती. तिला पुढे येता येईना.

साळवेबाई बाहेर आल्या. तोंडाला पदर बांधलेला. हातात पाण्याने भरलेली वाटी. संक्रांतीची वाटी. पांढऱ्या पोशाखातला म्हणाला, "आजी, लांब राहा, लांब राहा." त्या म्हणाल्या, "लांबच राहिलो आमी जन्मभर. पाणी पिऊ दे त्याला." वाटी बाबांच्या पुढ्यात ठेवून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

बाबा पाणी प्यायले. थोडं हनुवटीवरून सांडलं.

बराच वेळ बसून राहिलो. बाल्कन्यांतले मोबाइल हळूहळू खाली गेले, त्यांनाही कंटाळा आला असावा. मग पांढऱ्या पोशाखातल्याने पुन्हा ते यंत्र धरलं. बाबांनी पुन्हा डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला होता, तो लाकडासारखा ताठ झाला. ताप नव्हता.

गाडी गेली. जाताना हवालदार मला हळूच म्हणाला, "ताई, काळजी घ्या." पण बाबा उठेनात. गेटकडे बघत बसले. मग मला विचारलं, "ते गेले? मग आपल्याला कधी नेणार?"

मी फार रडले तेव्हा. जिन्याखाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लाज नाही वाटली.

तो दिवस गेला, पण माझा बाप त्यातून परत आला नाही. शरीराने आहेत. जेवतात, झोपतात. बंदी उठल्यावर दुकान उघडलं तर तिथेही जाऊन बसतात, पण हातात मेण घेतात आणि तसेच बघत राहतात. गाडीचा हॉर्न वाजला की उठून बूट शोधतात. मराठी बोलणं जवळजवळ सोडलं त्यांनी. रागाने नव्हे हो, भीतीने. बोललं की लक्ष जातं, असं त्यांना वाटतं. बॅग मी त्याच दिवशी रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली होती. मी काढते, ते भरतात. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सुरक्षित वाटू द्या." मी विचारलं, "कसं?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

पुढची संक्रांत आली. लोकांनी मास्क हनुवटीवर घेऊन तिळगूळ वाटायला सुरुवात केली. पार्लरमध्ये गिऱ्हाईक हळूहळू परत येत होतं, मान खाली घालून भुवया करून घ्यायचं, बोलायचं नाही. एक दिवस काकू, म्हणजे चेअरमनकाकांच्या पत्नी, घरी आल्या. वर्षभरात पहिल्यांदा. हातात तिळाच्या वड्या.

"अगं, झालं गेलं गंगेला मिळालं. तेव्हा सगळेच घाबरलो होतो ना. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग आवाज खाली आणून, "यांची खालची कवळी तडकलीये गं. दुसरीकडे दाखवलं, पण बाबांच्या हातचं ते बाबांच्या हातचं. जेवणच जात नाही त्यांना. तेवढं सांगतेस बाबांना?"

बाबा आत खुर्चीवर होते. त्यांनी ऐकलं. घाईने उठले, ड्रॉवर उघडायला लागले. मला म्हणाले, "करून देऊ. लगेच देऊ. नाही म्हणू नको. नाही म्हटलं तर..."

त्या क्षणी मला कळलं. बॅग मी कितीदाही रिकामी केली तरी ती भरणार. कारण आम्ही अजून नाही म्हटलेलं नाही. कधीच नाही म्हटलेलं. पोलीस "चला" म्हणाले आणि आजोबा निघाले, बाबांनी "हो" म्हटलं, मी हसले. तीन पिढ्या.

मी काकूंना म्हटलं, "देतील ना बाबा करून. फक्त काकांना खाली यायला सांगा. कंपाउंडमध्ये, गाडी उभी होती तिथे. दुपारी, सगळे बाल्कनीत असतील तेव्हा. तक्रारीचा फोन कुणी केला होता ते सांगायचं आणि बाबांची माफी मागायची. मास्क खाली घेऊन. त्या दिवशी घेतला होता तसा."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं, वयाने केवढे मोठे आहेत ते."

"माझा बापही मोठाच आहे."

"इतकं ताणू नये गं. शेवटी एका बिल्डिंगमध्ये राहायचंय आपल्याला."

"हो. राहायचंच आहे."

वड्यांची ताटली मी त्यांच्या हातात परत दिली. तोंडावर दिली, दिवसाढवळ्या, दाराबाहेर ठेवून पळाले नाही. बाबा मागे बूट शोधत होते. त्यांना वाटलं, आता गाडी येणार. आई ओट्याशी पाठमोरी होती. मागच्या वर्षीच्या वाट्यांपैकी एक तिने उचलली आणि तिच्यात मोहरी ओतली. यंदा वाण म्हणून द्यायला ठेवलेल्या वाट्या होत्या त्या.

काका खाली आले नाहीत. अजूनही आलेले नाहीत. भात-वरण कालवून खातात म्हणे. खाऊ देत.

आता बिल्डिंगमध्ये मला माजोरडी म्हणतात. थोडं गिऱ्हाईक तुटलं. गुढी मी उभारते, पण माझ्या उंचीची, फोटो काढत नाही. एप्रिलमध्ये कबरीवर जातो, आणि कागद बाल्कनीतही जाळतो. कुणी खिडकी लावली तर लावू दे. चायना मालाचा विनोद कुणी केला तर मी हसत नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहते, तो गप्प होईपर्यंत. आणि खाली उतरले की आपा म्हणूनच हाक मारते.

बॅग अजून दाराशी आहे. स्वेटर त्यातच आहे. बाप माझा भ्यालेला आहे आणि आता तो भ्यालेलाच जाईल, हे मला कळून चुकलंय. त्याला मी बदलू शकले नाही. पण एक सांगते. पुन्हा गाडी आली, कुठल्याही रंगाची, कुणाच्याही फोनवर, तरी या घरातून कुणी बॅग घेऊन खाली उतरणार नाही. तुम्हाला जिना चढून वर यावं लागेल. दार मी उघडीन. हात जोडलेले नसतील. आणि पहिला प्रश्न मी विचारीन, फोन कुणी केला?

नाव सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही.